फायलीतली भिंत आणि माझ्या घराची भिंत : घोडबंदर रोडवरून एक खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत टॉवर बांधणारे बिल्डर, त्यांचे आर्किटेक्ट व सल्लागार, आणि त्यांच्या कागदांवर सही करणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाचं पत्र गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीला आलं. टॉवरच्या तापणाऱ्या भिंती, खिडक्या, जनरेटरचा धूर आणि साइटची धूळ यांबद्दल आम्ही चार पानं लिहिली होती, उत्तर आलं एका ओळीचं : ‘पर्यावरण मंजुरीतील सर्व अटींची पूर्तता करण्यात आलेली आहे.’ खाली सही आणि शिक्का. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचा सहावा स्लॅब पडला होता. नकाशा आमचाच, फक्त मजले जास्त. म्हणून आता बंद पाकिटातून नाही, सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव कुणाचंच घेत नाही. खारघरला राहणारी माझी बहीण हे वाचून म्हणाली, ‘बिल्डिंगचं नाव बदल आणि मला दे, आमच्या गेटवर लावते.’

आधी माझी ओळख. ठाण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चोवीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. (ड्राफ्ट्सवुमन कुणी म्हटलं नाही, मीही नाही.) ट्रेसिंग पेपर, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांना झोंबणारा वास, मग ऑटोकॅड. महापालिकेत जातं ते सबमिशन ड्रॉइंग वेगळं आणि साइटवर जातं ते वर्किंग ड्रॉइंग वेगळं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. दोन्ही माझ्याच हातून निघायची. ‘एलिव्हेशन (म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप) मार खातंय, छज्जे उडव,’ असं साहेबांनी सांगितलं की मी उडवत असे. पाऊण मीटरचा छज्जा पुसायला एक बटण पुरतं. तेव्हा हे पत्र लिहिणारी बाई काही सोवळ्यातली नाही. फरक इतकाच की निवृत्तीनंतर जो फ्लॅट घेतला तो अकराव्या मजल्यावर, पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर आणि खिडकीवर छज्जा नाही. ब्रोशरमध्ये ‘हिल व्ह्यू’ म्हणून चौरस फुटाला जादा पैसे मोजले ते वेगळेच. केलेलं असं फिरून घरी येतं.

आता भिंतीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा फोटो लावायला ड्रिलवाल्याला बोलावलं. बेडरूमची पश्चिमेची भिंत. पहिला बिट मोडला. दुसरा थोडा आत गेला आणि सळईला लागून अडकला. खाली पडलेला भुगा करडा होता. एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेचा, भुगा पांढरा, पिठासारखा पडतो आणि ड्रिल त्यात लोण्यात सुरी जावी तशी जाते. ही भिंत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, अख्खी आरसीसी. मी म्हटलं, ठीक आहे, आजकाल सगळे तेच करतात. सात-आठ दिवसांत मजला उतरतो, गवंडी नको, प्लास्टर नको.

यंदा उन्हाळा संपल्यावर आमच्या प्रकल्पाच्या सहामाही अहवालाची प्रत अर्ज करून मिळवली. २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला २००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद असतो, अर्ज केला की कुणालाही मिळायला हवा. मला मिळाला. ज्या बाईंनी तो शोधून दिला त्यांचे इथे आभार मानते, कारण त्यांना तसं कुणी विचारत नसावं. जोडपत्रात ऊर्जेचा तक्ता होता. त्यात बाहेरच्या भिंतींपुढे लिहिलं होतं : ‘एएसी ब्लॉक, २०० मिमी.’

तो कागद घेऊन मी बेडरूममध्ये गेले आणि फोटोच्या शेजारच्या त्या अर्धवट भोकाकडे बघत उभी राहिले.

ज्यांना हा तक्ता म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८मध्ये राहत्या इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिचा मुद्दा अगदी घरगुती आहे : घराच्या बाहेरच्या अंगातून, म्हणजे भिंती आणि खिडक्यांतून, किती उष्णता आत येते ते मोजा आणि सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ देऊ नका. ठाणे-नवी मुंबई ‘उष्ण-दमट’ पट्ट्यात येतात. आपल्या पट्ट्याचे गुणक घालून मी हिशेब केला. दिशेचा गुणक अजून लावलेला नाही, नुसतं साहित्य. २०० मिमी एएसी ब्लॉकची भिंत : साधारण ४. दीडशे मिमी आरसीसीची भिंत : साधारण १९. साधी पारदर्शक काच, वर सावली नाही : साधारण ६०. म्हणजे माझी भिंत खिडकीचा हिशेब धरायच्या आधीच पंधराची रेघ ओलांडून बसली आहे. तक्त्यात मात्र चारच्या हिशेबाने बेरीज केली आहे आणि खाली उत्तर आलं आहे १३.८. पेपर उत्तम सोडवलाय, पण घर दुसऱ्याच कुणाचं.

तुम्ही म्हणाल, आकडे सोडा. सोडते. एप्रिलमध्ये रात्री दहाला त्या भिंतीला तळहात लावा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि आपण झोपायला गेलो की ते सोडायला लागतं. त्या भिंतीला लागून कपाट आहे. रात्री साडी काढली तर इस्त्रीवाल्याने आत्ताच आणून दिल्यासारखी लागते. सासरे ब्याऐंशी वर्षांचे, त्यांना एसीचा वारा सोसत नाही. त्यांचा पलंग भिंतीपासून दोन फूट ओढला, मग खोलीत चालायला जागा राहिली नाही म्हणून कपाटाचं एक दार काढून टाकलं. आम्ही दोघं एसी लावतो, पहाटे तीनपर्यंत. नौपाड्यात आमचं जुनं भाड्याचं घर होतं, विटांच्या जाड भिंती आणि पुढे गॅलरी. तिथे मे महिन्यात पंखा पुरायचा. जुन्याचं कौतुक करायची मला हौस नाही, त्या घरात पावसाळ्यात चार बादल्या मांडाव्या लागत. पण भिंत रात्री गार असायची.

यावर तुमच्या सल्लागारांचं उत्तर मला पाठ आहे : ही संहिता राज्याने आपल्या नियमावलीत घेतल्याशिवाय स्थानिक पातळीवर सक्तीची होत नाही. बरोबर आहे. पण आमच्या मंजुरीच्या पत्रात ती अट म्हणून लिहिलेली आहे, आणि ‘पूर्तता केली’ असं तुम्हीच लिहून दिलंय. सक्ती नव्हती तर तक्ता कशाला जोडला? आणि जोडला तर खरा का जोडला नाही? शिवाय २०२२मध्ये ऊर्जा संवर्धन कायदाच बदलला आणि राहत्या इमारतींचा त्यात समावेश झाला. हे प्रकरण वाऱ्यावर जाणारं नाही.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. संहिता म्हणते, उष्ण-दमट हवेत चटई क्षेत्राच्या एक षष्ठांश इतकी जागा *उघडणारी* हवी. आपल्याकडे घाम वाळायला वारा लागतो, म्हणून. माझा फ्लॅट ६० चौरस मीटर, म्हणजे १० चौरस मीटर उघडायला हवं. टेप घेऊन मोजलं. बाल्कनीचं दार, दोन्ही बेडरूम, स्वयंपाकघर, बाथरूमचे झरोके धरून एकूण साडेबारा. पण सगळ्या खिडक्या दोन पट्ट्यांच्या स्लायडिंग. एक काच सरकवली की ती दुसरीमागे जाऊन बसते, अर्धी खिडकी बंदच. बेडरूमच्या खिडकीचा खालचा दोन फुटांचा भाग तर कायमचा बसवलेला. उघडतं ते सारं मिळून सहा चौरस मीटर. तक्त्यात ‘उघडणारे क्षेत्र’ या रकान्यात पुन्हा साडेबाराच. ही चूक नवशिक्या मुलानेही करू नये. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. पण तिची पट्टी महाग आणि पावसाळ्यात तक्रारी जास्त, म्हणून साइटवर ती कुणाला नको असते. (बाल्कन्या काचेने बंद करून घेणारे आमच्यातही सात जण आहेत. त्यांच्याशी माझं वेगळं भांडण चालू आहे.)

वरच्या मजल्यावरच्या लोकांचं गच्चीचं दुखणं मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं पत्र लिहिणार आहेत.

जनरेटरचं मात्र लिहायलाच हवं, कारण तिथे प्रश्न उकाड्याचा नाही, श्वासाचा आहे. आमचा जनरेटर ४०० केव्हीएचा. धुराड्याची उंची ठरवायचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र जुनं आणि सोपं आहे : जनरेटर ज्या इमारतीत आहे तिची उंची, अधिक केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट. चारशेचं वर्गमूळ वीस, वीसची ०.२ पट चार. म्हणजे इमारतीच्या वर चार मीटर. आमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातही छतावर चार मीटर असंच आहे. प्रत्यक्षात जनरेटर मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि ‘इमारत’ म्हणून ती शेडच धरली. शेड तीन मीटर, वर चार, झाले सात. सात मीटरवर काय येतं? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बेडरूम. त्यांच्या मच्छरांच्या जाळीवर पंजाएवढा काळा डाग आहे. ब्रशने घासला की जातो, शनिवारी जनरेटरची ट्रायल झाली की परत येतो. बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये शेडला इमारत म्हणणारा माणूस कोण, त्याला मला एकदा भेटायचंय. हिशेबात त्याचा हात कुणी धरणार नाही.

आता ऐकते की नवा टॉवरही याच जनरेटरवर टाकणार. तसं असेल तर हे ध्यानात घ्या : १ जुलै २०२३पासून नव्याने बनणाऱ्या जनरेटरच्या उत्सर्जनाची नवी मानकं लागू झाली. आमच्या आकाराच्या जनरेटरला कणांची मर्यादा पूर्वी दर युनिटमागे ०.२ ग्रॅम होती, आता ०.०२. दहावा हिस्सा. नव्या दीडशे कुटुंबांच्या लिफ्ट चालवायला जुना धूर वापरायचा आणि तो दुसऱ्या मजल्यावर सोडायचा, याला काटकसर म्हणत नाहीत.

राहिली धूळ. ती ठाण्यात सगळेच खातात, म्हणून तिच्याबद्दल बोलायचं लोकांनी सोडून दिलंय. पण २५ जानेवारी २०१८ची केंद्राची अधिसूचना अगदी नेमकी आहे. इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त दहा मीटर, वाऱ्याला अडवणारा आडोसा. साइटपर्यंतचा रस्ता डांबरी. सुटी माती, रेती उघडी ठेवायची नाही. जिथे हवेतले कण मर्यादेबाहेर आहेत तिथे उघड्यावर कापणं-घासणं बंद. खराब हवेच्या शहरांसाठीच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत ठाणेही आहे आणि नवी मुंबईही, त्यामुळे ‘हे आपल्याला लागू होत नाही’ हा मार्गही बंद. २०२३च्या अखेरीस उच्च न्यायालयाने हवेची दखल स्वतःहून घेतली तेव्हा तुमच्या साइटवर तीन आठवडे हिरवी जाळी ओली होती. मग ती वाळली.

आजचं चित्र असं : पत्रा जेमतेम दहा फूट. मातीचा ढीग उघडा. मार्बल कटर गेटजवळ, रस्त्याच्या कडेला, दिवसभर. कापणाऱ्या मुलाने तोंडाला गमछा बांधलेला असतो. आमच्याआधी ती पूड त्याच्या छातीत जाते, हे आमच्या चार पानांत लिहायचं राहून गेलं होतं, इथे लिहिते. धूळ रोखण्यासाठी काय केलंय त्याचा फलक साइटवर ठळक लावायचा, असंही ती अधिसूचना सांगते. फलक आहे. वीस फुटांचा. त्यावर स्विमिंग पूल आणि एक गोरं कुटुंब आहे.

यंदा मार्चमध्ये गच्चीवर कुरडया घातल्या. वरून मलमल पसरली, चारही टोकांना विटा ठेवल्या. पाडव्याला पहिला घाणा तळला आणि नातीने तोंडातली कुरडई हातावर काढली. ‘आजी, कचकचतंय.’ पाच किलो गव्हाचा चीक होता. सगळ्या टाकल्या.

मला वाटतं, तुम्ही भिंत एका टेबलावर आणि धूर दुसऱ्या टेबलावर ठेवता म्हणून हे चालतं. ऊर्जेचा तक्ता एका सल्लागाराकडे, हवेचा दुसऱ्याकडे, आणि दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. पण पहाटे तीनपर्यंत माझा एसी ज्या विजेवर चालतो तिचा मोठा वाटा चंद्रपूर-कोराडीकडच्या कोळशाचा आहे. घोडबंदरला वीस सेंटीमीटरचा ब्लॉक वाचवला की तिकडे कुणाच्या तरी अंगणात राख पडते. आणि उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी एकदम लागून वीज गेली, की आमच्या मागच्या कोपऱ्यातली शेड सुरू. ऐरोली-महापेला काचेने मढवलेल्या ऑफिसांचीही हीच कहाणी, फक्त तिथे बिल कंपनी भरते. त्यांच्यासाठीचा ऊर्जा बचतीचा कोड तर २००७पासून आहे.

मागण्या लिहिते. फार नाहीत.

बिल्डर आणि आर्किटेक्टना : सातव्या स्लॅबला साचे बदलून ब्लॉकची भिंत घाला असं मी म्हणणार नाही. शिअर वॉल म्हणजे काय ते मला कळतं, इमारत भिंतींवरच उभी आहे. पण खऱ्या भिंतीचा तक्ता नव्याने करा. तो पंधराच्या आत येत नसेल, आणि माझ्या हिशेबाने येणारच नाही, तर पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन द्या, काच बदला, आणि छज्जे परत काढा. छज्जे मीच काढून देते, फुकट, जुनं कर्ज आहे. खिडक्या अजून ऑर्डर झालेल्या नाहीत असं तुमचाच सुपरवायझर म्हणाला. बेडरूमच्या तरी बिजागरीच्या घ्या. हा तक्ता प्रत्येक करारनाम्याला जोडा आणि सेल्स ऑफिसच्या टेबलावर ठेवा, मॉडेलच्या शेजारी. आमच्या जुन्या टॉवरच्या पश्चिम बाजूचं काय करणार ते वेगळ्या पत्रात लेखी कळवा. एका ओळीत नको.

जनरेटरचं धुराडं डक्टमधून गच्चीच्या वर न्या. नव्या टॉवरला नव्या मानकाचा स्वतःचा जनरेटर. शनिवारची ट्रायल धुराडं वर जाईपर्यंत बंद ठेवा, किंवा निदान काकूंना आदल्या दिवशी सांगा.

साइटवर दहा मीटरचा आडोसा, कटर आत आणि पाणी मारून, त्या मुलाला गमछ्याऐवजी मास्क, आणि खरा फलक. स्विमिंग पूलच्या खाली लावलात तरी चालेल.

आणि सही करणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना एकच विनंती. भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी तुम्ही लिफ्ट बघता, फायर पंप सुरू करून बघता, पार्किंग मोजता. त्यात एक ड्रिल आणि एक टेप वाढवा. कुठल्याही एका फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीला एक भोक पाडा आणि भुग्याचा रंग तक्त्याशी ताडून बघा. एक खिडकी सरकवा आणि मोजा. पाच मिनिटं लागतात. जनरेटरजवळ उभं राहून मान वर केली तर अर्धं मिनिट.

१ डिसेंबरचा अहवाल येतोच आहे. त्याच्या प्रतीसाठीचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची राहिली आहे. भिंतीच्या रकान्यात या वेळी काय लिहिता ते बघते.

आपली,
घोडबंदर रोडवरच्या एका पश्चिमेच्या फ्लॅटची मालकीण
(निवृत्त ड्राफ्ट्समन)